खाजेच्या जागी दुखू लागलं, तर त्याच दिवशी

प्रश्न :
डॉक्टर, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. सहा महिन्यांचा असल्यापासून त्याला इसब आहे. कोपराच्या आत, गुडघ्यांमागे, मानेवर. मे महिन्यात थोरल्या दिरांच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. माझ्या नणंदेच्या ओठाच्या कडेला फोड आले होते. भाचा म्हणजे तिचा जीव की प्राण, तिने त्याचे खूप मुके घेतले. घरी परतल्यावर सातव्या-आठव्या दिवशी त्याच्या गालांवर आणि मानेवर बारीक पाण्याचे फोड उठले. सासूबाई म्हणाल्या, माता आल्यात, औषध घालायचं नाही. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं. तीन दिवस तसेच गेले. चौथ्या दिवशी ताप १०३, एक डोळा सुजून मिटलेला, पाणीसुद्धा पिईना. मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी 'एक्झिमा हर्पेटिकम', म्हणजे इसबावर पसरलेला हर्पीस विषाणू, असं सांगितलं, आठ दिवस सलाईनमधून औषध चाललं. आता तो बरा आहे.

पण माझी झोप उडाली आहे. हे माझ्यामुळे झालं का? शेजारच्या ताई म्हणतात, स्टिरॉइडच्या मलमामुळे झालं. म्हणून मी सगळी मलमं बंद केली. महिना झाला, त्याला काहीही लावलेलं नाही. इसब पुन्हा पेटलंय. सासूबाई म्हणतात, असल्या कातडीच्या मुलाला लसही टोचायची नाही. शाळेत पाठवायची भीती वाटते. आणि राखीपौर्णिमेला नणंद येणार आहे. तिला काय सांगू? सांगू की नको?
– एक आई, मिरज

उत्तर :
ताई,

तुमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मला जास्त काळजी वाटली ती मध्येच लिहून गेलेल्या एका वाक्याची. 'महिना झाला, त्याला काहीही लावलेलं नाही.' बाकीचं बोलूच, पण आज रात्री त्याला कोमट पाण्याने आंघोळ घाला, अंग घासू नका, नुसतं टिपून घ्या आणि ओलसर असतानाच त्याचं मॉइश्चरायझर भरपूर लावा. महागडंच हवं असं नाही. साधी पेट्रोलियम जेली चालते. डबा असेल तर बोटं बुडवून घेऊ नका, स्वच्छ चमच्याने काढा. आणि याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून पेटलेल्या जागांसाठीचं मलम पुन्हा सुरू करून घ्या.

का, ते सांगते. तुमच्या आजोळी शेणाने सारवलेली जमीन पाहिली असेल. सारवण राहिलं की जमीन सुकते, भेगा पडतात आणि एक दिवस त्या भेगांतून मुंग्यांची रांग वर येते. मुंग्या जमिनीखाली आधीही असतात, त्यांना फक्त वाट मिळते. इसब असलेल्या मुलाची कातडी अशी जन्मतःच लवकर भेगाळणारी असते. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की इसब असलेल्या अनेकांमध्ये या प्रथिनाच्या जनुकातच दोष असतो. म्हणजे तुम्ही गरोदरपणात काय खाल्लंत, बाळाला कोणतं तेल लावलंत, यावर खापर फोडायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. आपली कातडी स्वतःच जंतूंना मारणारी काही द्रव्यं तयार करते. इसब पेटलेलं असतं तेव्हा आतली जी रसायनं ती आग धगधगत ठेवतात, तीच ही द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. म्हणजे जिथे कातडी लाल आहे, ओलावली आहे, खाजवून सोललेली आहे, तिथे भेगही आहे आणि पहाराही नाही. विषाणू नेमका तिथे पसरतो. म्हणून इसब आटोक्यात ठेवणं हाच विषाणूपासूनचा बचाव आहे. मलमं बंद करून तुम्ही मुलाला वाचवायला गेलात आणि दार आणखी उघडं राहिलं. भीतीपोटी केलंत, मी समजू शकते. पण आता पुरे.

शेजारच्या ताईंचं म्हणणं सगळंच खोटं नाही, म्हणून त्यावर थोडं थांबते. आपल्याकडे औषधांच्या दुकानात खाजेसाठी काहीतरी द्या म्हटलं, की बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि अतिशय तीव्र स्टिरॉइड, अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. ती गजकर्णालाही लावतात, इसबालाही लावतात आणि गोरं दिसायला तोंडालाही लावतात. तिने कातडी पातळ होते, गजकर्ण चेकाळतं, खरा आजार झाकला जातो. अशी ट्यूब तुमच्या घरात असेल तर टाकून द्या. पण डॉक्टरांनी वय आणि जागा पाहून दिलेलं सौम्य किंवा मध्यम स्टिरॉइड, नेमून दिलेले दिवस लावणं ही वेगळी गोष्ट आहे. किती लावायचं याचं साधं माप असं : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ मावते, तेवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या कातडीला पुरतं. पुष्कळ आया भीतीने याच्या पाव हिश्शाएवढंच लावतात, मग इसब बरं होत नाही आणि तेच मलम महिनोन्महिने चालू राहतं. हर्पीसचे फोड अंगावर ताजे असतील तेव्हा कोणतं मलम थांबवायचं आणि कोणतं चालू ठेवायचं, हे मात्र त्या वेळी डॉक्टरांनीच ठरवायचं. टॅक्रोलिमससारखी, स्टिरॉइड नसलेली इसबाची मलमं तर त्या दिवसांत थांबवायचीच असतात.

आता झालं काय, ते पाहू. नणंदेच्या ओठावर जे आलं होतं, त्याला आपल्याकडे कुणी तापाचे फोड म्हणतं, कुणी कोळी मुतला म्हणतं. कोळ्याचा त्यात काही संबंध नाही. तो हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचा पहिला प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे दोन तृतीयांश माणसांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना तो लहानपणीच कुणाच्या तरी मुक्यातून, लाळेतून मिळालेला असतो. तो चेहऱ्याच्या नसांच्या गाठीत जाऊन निजतो आणि ताप, जागरण, कडक ऊन, पाळी अशा निमित्ताने अधूनमधून ओठावर येतो. धडधाकट कातडीच्या मुलाला तो लागला तर अनेकदा काहीच होत नाही, किंवा चार दिवस तोंड येतं. तुमच्या मुलाच्या गालांवर आणि मानेवर इसब होतं. विषाणूला तिथे मोकळं रान मिळालं.

इथेच एक सांगून ठेवते, कारण ते तुम्हाला दवाखान्यात कुणी सांगितलं असेलच असं नाही. हा विषाणू आता त्याच्याही शरीरात कायमचा आहे. घाबरू नका, तो आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात आहे. बऱ्याच मुलांना हा आजार पुन्हा होत नाही, काहींना होतो. पण पुढच्या वेळी तो बाहेरून कुणी आणलेला असेलच असं नाही. त्याच्याच ओठावर फोड येईल, त्याच हाताने तो मान खाजवेल, आणि सुरुवात होईल. म्हणून माणसं दूर ठेवून हा प्रश्न सुटणारा नाही. ओळखायला शिकूनच सुटेल.

ते तीन दिवस. तुम्ही थेट विचारलंय, म्हणून थेट सांगते : हे तुमच्यामुळे झालेलं नाही. सासूबाईंना कांजिण्या वाटल्या, यात नवल नाही. हा आजार १८८७ साली व्हिएन्नात मॉरित्झ कापोसी या नामांकित त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा नीट नोंदवला. पुढे त्याला जे नाव पडलं, त्याचा अर्थच 'कापोसींचं कांजिण्यांसारखं पुरळ' असा आहे. नावातच फसवणूक आहे. आणि फक्त सासूबाई फसतात असं नाही. मी शिकाऊ डॉक्टर असताना वॉर्डात एक नऊ वर्षांची मुलगी आली होती. इसबात पू झालाय असं समजून मी तिला दोन दिवस नुसतं अँटिबायोटिक देत राहिले. तिसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या मॅडमनी फोडांकडे एकदाच पाहिलं आणि औषध बदललं. ती मुलगी बरी झाली. तिच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो, आणि त्यानंतर इसबाच्या मुलाच्या अंगावरचा प्रत्येक नवा फोड मी जवळून बघते.

वेळेचं मोल किती, ते अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांतल्या एका मोठ्या पाहणीतून दिसतं. एक्झिमा हर्पेटिकम होऊन दाखल झालेल्या १३३१ मुलांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या, २०११ साली ती प्रसिद्ध झाली. ॲसायक्लोव्हिर हे हर्पीसवरचं औषध पहिल्याच दिवशी मिळालेल्या मुलांपेक्षा उशिरा मिळालेल्या मुलांचा मुक्काम वाढत गेला, आणि जितका उशीर तितका जास्त. पण त्या १३३१ मुलांपैकी एकही दगावलं नाही. हे औषध नव्हतं त्या काळात हा आजार जीवघेणा ठरायचा. या औषधामागच्या संशोधकांपैकी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. तुमच्या मुलाच्या सलाईनमधून गेलं ते तेच औषध. झालेला उशीर उगाळत बसू नका, पुढच्या वेळी कुणी 'उद्या बघू' म्हणालं तर ऐकू नका, एवढंच.

मग ओळखायचं कसं? हा भाग तुम्ही, तुमचे यजमान आणि सासूबाई, तिघांनी मिळून वाचा.

इसब खाजतं. मूल रात्रभर ओरबाडतं. हर्पीस पसरतो तेव्हा खाजेपेक्षा दुखतं जास्त. ज्या मानेला रोज हात लावू देणारं मूल अचानक 'नको, दुखतंय' म्हणतं, कुशीत घेतलं तरी कण्हतं, मलम लावताना किंचाळतं, तिथे थांबा आणि उजेडात नीट बघा. फोड एकसारखे दिसतात का? कांजिण्यांमध्ये एकाच वेळी अंगावर लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली, असं सगळं वेगवेगळ्या वयाचं दिसतं, आणि पोटापाठीवर, केसांतही उठतं. इथे फोड एकाच मापाचे, एकाच साच्यातून काढल्यासारखे, घोळक्याने आलेले, आणि मुख्यतः जिथे इसब आहे तिथेच. काहींच्या मधोमध खळगा असतो. दोन-तीन दिवसांत ते फुटतात आणि मागे ज्या जखमा राहतात, त्या ऑफिसातल्या पंचिंग मशीनने कागदाला भोकं पाडावीत तशा, गोल, ठसठशीत कडांच्या. पुढे त्या एकमेकींत मिसळतात, वर रक्ताळ खपली धरते. सोबत ताप, मानेत किंवा कानामागे गाठी, मूल मलूल, जेवण बंद. सगळी लक्षणं एकदम दिसायला हवीत असं नाही. 'नेहमीच्या मलमांनी बरं होणारं इसब या वेळी दोन दिवसांत उलट वाढलं आणि दुखायला लागलं', एवढंही दवाखाना गाठायला पुरेसं आहे.

डोळ्याबद्दल वेगळं लिहिते. पापणीवर, डोळ्याच्या कडेला किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांनाही दाखवायचं. हर्पीस बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला जखम करतो, आणि तो व्रण राहिला तर नजर कायमची अधू होऊ शकते. तुमच्या मुलाचा एक डोळा सुजून मिटला होता असं लिहिलंय. तेव्हा नेत्रतपासणी झाली होती का, ते डिस्चार्ज कार्डावर बघा. झाली नसेल तर आता डोळा बरा दिसत असला तरी एकदा करून घ्या.

दवाखान्यात गेल्यावर संकोच न करता विचारा : 'याला इसब आहे, हा हर्पीस तर नाही ना?' गावातल्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरांनी हा आजार वर्षानुवर्षं पाहिलेला नसतो. तुमच्या या एका वाक्याने त्यांची दिशा बदलते. जुनं डिस्चार्ज कार्ड दाखवा. मोबाइलमध्ये आदल्या दिवशीचे फोटो असतील तर तेही दाखवा. फोडाच्या तळातून खरवडून काचपट्टीवर नमुना तपासता येतो, पीसीआरही होतो, पण दाट शंका असेल तर अहवालाची वाट न बघता औषध सुरू करायचं असतं. आणि हे औषध पोटातून किंवा शिरेतून द्यावं लागतं. औषधाच्या दुकानात ॲसायक्लोव्हिरची छोटी ट्यूब मिळते, ती ओठावरच्या फोडासाठी आहे. अंगभर पसरलेल्या हर्पीसवर ती चोळत बसणं म्हणजे वेळ घालवणं. फोडांमध्ये बहुतेकदा जिवाणूही शिरलेले असतात, म्हणून डॉक्टर जोडीला अँटिबायोटिक देतात, ते चुकवू नका. या दिवसांत पाणी, पेज, सरबत सारखं पाजत राहा. ॲसायक्लोव्हिर चालू असताना मूत्रपिंडांसाठी ते गरजेचं असतं.

कडुलिंबाचा पाला आंघोळीच्या पाण्यात घालायचा तर घाला, त्यावरून घरात भांडण नको. पण सोललेल्या कातडीवर पाल्याचा लेप, हळद, गेरू, गोमूत्र, चुना यांतलं काहीही नको. आणि माता आल्यात म्हणून औषध थांबवणं तर नकोच. सासूबाईंना रागाने नका सांगू. त्यांच्या लहानपणी गावात देवी आल्या की खरंच औषध नव्हतं. मूल वाचावं म्हणून हात जोडण्यापलीकडे त्यांच्या आईच्या हाती काहीच नव्हतं. आज आहे.

या निमित्ताने लसीचं. सासूबाईंच्या दंडावर देवीच्या लसीचा गोल वण असेल. इसबाच्या मुलाला लस टोचू नये ही समजूत कुठून आली असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे, आणि मला वाटतं तिचं मूळ त्या वणातच असावं. देवीच्या लसीत जिवंत विषाणू असायचा. धडधाकट माणसाच्या दंडावर तो एक फोड करून थांबायचा, पण इसब असलेल्याच्या अंगभर पसरायचा, आणि जीवही जायचा. म्हणून तेव्हा अशा मुलांना ती लस टाळत. इतकंच काय, घरात लस घेतलेल्या दुसऱ्या कुणाच्या फोडातूनही ते लागायचं. ही जुनी कहाणी वाटेल, पण २००७ साली अमेरिकेत एका सैनिकाला मोहिमेवर जाण्याआधी देवीची लस दिली होती. तो घरी आला, आणि त्याच्या दोन वर्षांच्या इसब असलेल्या मुलाच्या अंगभर फोड उठले. ते मूल शिकागोच्या रुग्णालयात ४८ दिवस होतं. त्याच्यासाठी तेव्हा प्रयोगावस्थेत असलेलं औषधही वापरावं लागलं. ते मूल वाचलं.

तेव्हा जुन्या माणसांची भीती निराधार नव्हती. पण ती त्या एका लसीपुरती होती. १९८० साली देवीचा आजार जगातून गेल्याचं जाहीर झालं आणि सर्वसामान्य मुलांना ती लस टोचणंही थांबलं. आजच्या गोवर-रुबेलाच्या, धनुर्वाताच्या, पोलिओच्या लसींना साधं इसब आड येत नाही. उलट तुमच्या मुलाला त्यांची गरज जास्त आहे. कांजिण्यांची लसही बालरोगतज्ज्ञांना विचारून जरूर द्या, कारण इसबाच्या कातडीवर कांजिण्या जोरात येऊ शकतात आणि खाजवून त्यात पू होतो. मात्र ही लस देण्याआधी त्याने नुकतंच ॲसायक्लोव्हिर घेतलंय आणि पोटातून स्टिरॉइड घेतलं असेल तर तेही, डॉक्टरांना सांगा. ते तारीख पुढेमागे करतील. आणि कांजिण्यांच्या तापात मुलाला ॲस्पिरिन कधीही देऊ नका, पॅरासिटामॉल पुरे.

पावसाळ्यात बालवाडीत हात-पाय-तोंडाच्या फोडांची साथ येते. २०२२ मध्ये केरळात 'टोमॅटो फ्लू' म्हणून जिचा गाजावाजा झाला, तीही बहुतांशी हीच. इसब असलेल्या मुलांत हे फोड तळहात-तळपायांवर न थांबता कोपर-गुडघ्यांच्या इसबावरही दाट उठतात आणि हर्पीससारखेच दिसतात. तोंडात आणि तळव्यांवरही फोड असतील तर बहुधा हेच, पण वेगळं कोण करणार तर डॉक्टर. त्यानंतर महिनाभराने नखं गळाली तर घाबरू नका, नवी येतात. मोलस्कम हा आणखी एक विषाणू : मोत्यासारखे, मधे खळगा असलेले, न दुखणारे टणक दाणे. ते खाजवल्याने इसबाच्या कातडीवर रांगेत पसरतात. महिनोन्महिने राहतात आणि आपोआप जातात. त्यांना सुईने टोचायचं, चुना लावायचा, असं काही करू नका.

हे सदर वाचणाऱ्या मोठ्या माणसांपैकी ज्यांना स्वतःला जुनं इसब आहे, त्यांच्यासाठीही एक सांगायचं आहे. इसबासाठी हल्ली मिळणाऱ्या काही नव्या गोळ्यांनी, ज्यांना जॅक इनहिबिटर म्हणतात, हर्पीस आणि नागीण उठण्याचा धोका वाढतो. त्या चालू असताना ओठावर फोड आला तरी डॉक्टरांना कळवा. गोळ्या मनाने बंदही करू नका.

शाळेत पाठवा. सगळे फोड वाळून खपल्या धरलेल्या असतील आणि ताप नसेल तर मूल शाळेत जाऊ शकतं, आणि तुमचं तर महिन्यापूर्वीच बरं झालंय. बाईंना एक चिठ्ठी द्या : 'याला इसब आहे, हे लागण होण्यासारखं नाही, त्याला वेगळं बसवू नका. चेहऱ्यावर किंवा मानेवर पाण्याचे फोड दिसले तर मला लगेच फोन करा.' त्याची नखं दर आठवड्याला कापा, टॉवेल आणि पाण्याची बाटली त्याची वेगळी ठेवा. दिवाळीत उटणं लावू नका, खरखरीत उटण्याने इसबाची कातडी सोलते. कोमट खोबरेल तेलाने अभ्यंगस्नान होतं.

आणि नणंद. सांगा, नक्की सांगा, पण राखीच्या दिवशी सगळ्यांदेखत नको. आधी फोन करा. 'तुमच्यामुळे झालं' असं म्हणू नका. ते सिद्धही करता येणार नाही आणि तसं म्हटलं तर पुढे काही ऐकून घेतलं जाणार नाही. त्यांनाही हा विषाणू लहानपणी कुणाच्या तरी मायेतूनच मिळाला असेल. असं सांगा : 'वन्सं, डॉक्टर म्हणाले, याच्या कातडीला ओठावरच्या फोडाचा विषाणू झेपत नाही. घरात कुणाच्याही ओठावर फोड असेल, माझ्यासुद्धा, तर खपली पडून कातडी साफ होईपर्यंत त्याचा मुका घ्यायचा नाही, त्याला उष्टं द्यायचं नाही, फोडाला हात लावला तर हात धुवायचे.' 'माझ्यासुद्धा' हा शब्द विसरू नका. नियम सगळ्या घराला असला की तो कुणा एकीवरचा आरोप राहत नाही. फोड नसतानाही लाळेतून थोडा विषाणू कधीकधी जातो, पण खरा धोका ओल्या फोडाचा, आणि तेवढा टाळला तरी पुष्कळ झालं. हा नियम एरवीही पाळावा असा आहे, विशेषतः बारशाला. महिन्याच्या आतल्या बाळाला हा विषाणू लागला तर जिवावर बेततं, मग त्याची कातडी कितीही निरोगी असो.

त्या दुखावल्या जातील अशी भीती तुम्हाला वाटते. माझा अनुभव उलटा आहे. फोड आलेला असताना मुलांपासून दूर राहायला हवं हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणून आत्या-मावश्याच रडतात. राखीला त्यांना बोलवा. ओठ साफ असतील तर मुका घेऊ द्या. नसतील तर त्याला मांडीवर बसवून, स्वच्छ हातांनी, मॉइश्चरायझर त्यांनाच लावू द्या. दिवसातून दोनदा लावायचं असतं, आणि तुम्हाला एकदा तरी आराम मिळेल.